युद्धपटांतील उपेक्षित भूमिका

रामायणातील ऊर्मिला विवाहमंडपात एकदा दिसते आणि पुढे कवीला तिचा जणू विसरच पडतो, ही खंत रवींद्रनाथ ठाकुरांनी 'काव्येर उपेक्षिता' या आपल्या निबंधात बोलून दाखविली. लक्ष्मण भावाबरोबर वनात गेला, त्याच्या त्यागाचे गोडवे साऱ्या देशाने गायिले. परंतु चौदा वर्षे जिने अयोध्येच्या महालात काढली, तिच्या दुःखाला महाकाव्यात जागा मिळाली नाही. पुढे मैथिलीशरण गुप्तांनी 'साकेत' हे काव्य रचून त्या ऊर्मिलेला मानाचे स्थान दिले. महाकाव्याच्या बाबतीत जे घडले तेच आपल्या काळात युद्धपटांच्या बाबतीत घडत आले आहे. फरक इतकाच की ऊर्मिलेला कवीने विसरावे, आणि युद्धपटातील ऊर्मिलेला दिग्दर्शकाने दाखवूनही आपण प्रेक्षकांनी विसरावे! श्रोतेहो, अशाच काही विसरल्या गेलेल्या भूमिकांविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

युद्धपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? तोफांचा धूर, खंदकातून बाहेर पडणारी शिपायांची रांग, कोसळणारा पूल, आणि या सर्वांच्या मध्यभागी नायकाचा करारी चेहरा. चित्रगृहातून बाहेर पडताना आपण चर्चा करतो ती या दृश्यांची. पण ज्याच्या वाट्याला पाचदहा मिनिटेच आली, ज्याने एकही शत्रू मारला नाही, किंबहुना ज्याला धड दोन वाक्येही बोलावयास मिळाली नाहीत, असा एखादा नट त्या गदारोळात येऊन गेलेला असतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. तरीही घरी परतल्यावर रात्री मन अस्वस्थ होते ते पुष्कळदा त्याच्यामुळे. पराक्रम नायकाच्या चेहऱ्यावर वाचता येतो. युद्धाची किंमत मात्र या दुसऱ्या चेहऱ्यांवर लिहिलेली असते. ते चेहरे वाचावयाचे राहिले, तर युद्धपट पाहूनही युद्ध पाहिले असे म्हणता येणार नाही.

या उपेक्षेची कारणे शोधणे फारसे अवघड नाही. युद्धाचा आवाजच इतका मोठा असतो की त्यापुढे हळू बोलणारा माणूस ऐकू येत नाही. शिवाय युद्धाची कथा सतत पुढे सरकत असते. पलटण मुक्काम हलविते आणि वाटेत भेटलेले माणूस वाटेतच राहते. तिसरे कारण व्यवहाराचे आहे. हॉलिवूडच्या अकादमीने पारितोषिके देण्यास १९२९ साली आरंभ केला; परंतु साहाय्यक भूमिकांसाठी निराळे पारितोषिक सुरू झाले ते १९३६ सालच्या चित्रपटांपासून. म्हणजे आरंभीच्या कितीतरी बोलपटांत दुय्यम नटाचा गौरव करावयास जागाच नव्हती. आणि जी गोष्ट पारितोषिकांच्या यादीत येत नाही, ती इतिहासातूनही हळूहळू निसटते.

या यादीबाहेरच्या नटांत पहिला मान रेमंड ग्रिफिथ याला द्यावा लागेल. एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने निघाली आणि पुढच्याच वर्षी लुईस माइलस्टोन याने तिचा बोलपट केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि दिग्दर्शनाचे अशी दोन्ही पारितोषिके मिळाली. नटांपैकी मात्र एकाचेही नाव अकादमीच्या यादीत आले नाही. शिक्षकाच्या देशभक्तिपर व्याख्यानाने भारावून पोरसवदा विद्यार्थी सैन्यात भरती होतात आणि एकामागून एक मरतात, अशी ही कथा. पाउल हा तिचा नायक. एका चढाईच्या वेळी तो तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात लपून बसलेला असताना वरून एक फ्रेंच शिपाई त्याच खड्ड्यात उडी घेतो. भयाने पाउल त्याला भोसकतो. शिपाई लगेच मरत नाही. रात्रभर ते दोघे त्या खड्ड्यात असतात. पाउल त्याला पाणी पाजू पाहतो, त्याने जगावे म्हणून विनवण्या करतो, आणि तो मेल्यावर क्षमा मागतो. मृताच्या खिशातील कागदांतून त्याचे नाव कळते, गेरार दुवाल. बायकोचे आणि मुलीचे छायाचित्र हाती लागते.

या प्रसंगातील सारी भाषणे पाउलच्या तोंडी आहेत आणि ल्यू एअर्स या तरुण नटाने ती मनापासून म्हटली आहेत. म्हणून प्रशंसाही त्याच्याच वाट्याला आली. परंतु ती भाषणे ज्याला उद्देशून आहेत त्या दुवालकडे एकदा नीट पाहावे. ती भूमिका ग्रिफिथने केली आहे. हा मूकपटांच्या काळातील नामवंत विनोदी नट. डोक्यावर रेशमी उंच टोपी, ओठांवर मिशा, आणि कसल्याही संकटात न ढळणारी ऐट ही त्याची खूण. १९२६ सालच्या 'हँड्स अप' या चित्रपटात अमेरिकेतील यादवी युद्धाच्या पार्श्वभूमीवर त्याने हेराचे काम करून प्रेक्षकांना पोट धरून हसविले होते. पण लहानपणापासूनच त्याचा आवाज बसलेला होता. घोगऱ्या कुजबुजीपलीकडे त्याच्या कंठातून ध्वनी निघत नसे. मूकपटात त्याने कोणाचे काय अडणार? बोलपट आला आणि हा नट एकाएकी निरुपयोगी ठरला.

अशा माणसाला माइलस्टोनने मरणाऱ्या शिपायाची भूमिका दिली. त्या भूमिकेला शब्द नव्हते. होता तो फक्त घशातला श्वास आणि उघडे डोळे. ग्रिफिथ तिथे काय करतो हे सांगणे कठीण, कारण तो जवळजवळ काहीच करीत नाही. तो कण्हण्याचा देखावा करीत नाही, हात झाडीत नाही. मारणाऱ्याकडे तो रागानेही पाहत नाही. त्याची नजर पाउलवर ठरते आणि हळूहळू तिच्यातील माणूस निघून जातो. पुढे मृतावस्थेत तो चेहरा इतका निश्चल राहतो की पाउलचे क्षमायाचनेचे बोल त्यावर आपटून परत येत आहेत असे वाटावे. समोर असा चेहरा नसता तर पाउलचे ते भाषण वक्तृत्वस्पर्धेतील भाषणासारखे भासले असते. आयुष्यभर विनोदी नटाने जी गोष्ट साधलेली असते, ती म्हणजे क्षण नेमका धरून ठेवणे. तीच येथे मरणाच्या उपयोगी पडली. यानंतर ग्रिफिथने अभिनय सोडला, चित्रपटनिर्मितीच्या कामात तो शिरला आणि १९५७ साली वारला. ज्या बोलपटांनी त्याचा धंदा बुडविला, त्यांतील एका श्रेष्ठ बोलपटात तो आवाजावाचून अमर झाला आहे. पण तिथे तो ग्रिफिथ आहे हे किती प्रेक्षकांना ठाऊक आहे?

त्याच चित्रपटातील आणखी एका भूमिकेची कथा याहूनही विलक्षण आहे. पाउलच्या आईचे काम प्रथम झासू पिट्स या नटीने केले होते. एरिख फॉन स्ट्रोहाइमच्या 'ग्रीड' या १९२४ सालच्या मूकपटात तिने शोकात्म भूमिका समर्थपणे वठविलेली होती. परंतु मधल्या काळात लोक तिला विनोदी नटी म्हणून ओळखू लागले होते. चित्रपट प्रदर्शनापूर्वी काही निवडक प्रेक्षकांना दाखविण्यात आला, तेव्हा आजारी आईच्या बिछान्यावर पिट्सचा चेहरा दिसताच लोक हसू लागले. निर्मात्यांचा नाइलाज झाला. बेरिल मर्सर या दुसऱ्या नटीला घेऊन ती दृश्ये पुन्हा चित्रित करण्यात आली. पिट्सच्या कामापैकी जाहिरातीच्या फितीतील थोडे क्षण तेवढे मागे राहिले. ते काम कसे होते याचा निवाडा आता कोण करणार? प्रेक्षकांच्या सवयीने नटाला किती क्रूरपणे बांधून ठेवावे, याचे हे उदाहरण आहे. ग्रिफिथला लोक हसले नाहीत, याचे कारण कदाचित एवढेच की त्याची उंच टोपी काढल्यावर त्याला कोणी ओळखलेच नसावे.

याच चित्रपटात काट या अनुभवी शिपायाची भूमिका करणारा लुई वोल्हाइम हाही विसरण्याजोगा नट नव्हे. फुटबॉलच्या खेळात त्याचे नाक मोडले होते आणि त्या रासवट चेहऱ्यामुळे त्याला गुंडांच्या भूमिका मिळत. प्रत्यक्षात हा गृहस्थ कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकविणारा होता! भुकेल्या पोरांसाठी कुठून तरी अन्न पैदा करून आणणारा, त्यांना दरडावीत दरडावीत जगविणारा काट त्याने असा उभा केला आहे की आघाडीवरील त्या मुलांना आई नसली तरी काट आहे, असे आपल्याला वाटू लागते. पुढच्याच वर्षी, १९३१ साली, तो कर्करोगाने वारला.

यानंतर सात वर्षांनी, १९३७ साली, फ्रान्समध्ये झाँ रेन्वार याने 'ला ग्रांद इल्यूजियाँ' हा चित्रपट काढला. रेन्वार स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेला, जखमी झालेला आणि वैमानिक म्हणून टेहळणी केलेला. त्याच्या चित्रपटात रणांगण असे नाहीच. जर्मनांच्या कैदेतील फ्रेंच अधिकारी आणि त्यांचे पळून जाण्याचे प्रयत्न एवढाच विषय. झाँ गाबाँ, पिएर फ्रेने आणि मानेला आधाराचा पट्टा लावलेला जर्मन किल्लेदार झालेला स्ट्रोहाइम, या तिघांची कामे जगप्रसिद्ध आहेत. पण या तिघांच्या सावलीत मार्सेल दालिओ उभा आहे. रोझेन्थाल नावाच्या श्रीमंत यहुदी अधिकाऱ्याचे काम त्याने केले आहे. घरून आलेल्या खाऊच्या पेट्या हा मोठ्या मनाने सर्व कैद्यांना वाटतो. तरीही मित्रांच्या थट्टेत त्याच्या जातीचा उल्लेख येतोच. तो हसून घेतो. दालिओच्या या हसण्यात अपमान गिळण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय दिसते. त्यासाठी त्याला एकही वाक्य लागत नाही.

शेवटी गाबाँने रंगविलेला मारेशाल आणि रोझेन्थाल पळून निघतात. बर्फ पडलेले, अन्न संपलेले, आणि रोझेन्थालचा पाय मुरगळलेला. चिडलेला मारेशाल मनातले विष ओकतो: यहुदी आपल्याला कधीच आवडले नाहीत, असे सांगून तो एकटा चालू लागतो. रोझेन्थाल एका खडकावर बसून रागाने लहान मुलांचे एक गाणे मोठमोठ्याने म्हणू लागतो. पुढे गेलेला मारेशालही तेच गाणे गुणगुणत असतो. ते त्याच्या ओठांवरच थांबते, आणि तो परत येतो. परत येणे ही गाबाँची भूमिका. पण तो ज्याच्यासाठी परत येतो ते केविलवाणे आणि संतप्त माणूस दालिओने निर्माण केले आहे. दया मागितली असती तर आपण त्याची कीव केली असती. तो भांडतो, म्हणून आपण त्याचे होतो.

पुढे ते दोघे एका जर्मन विधवेच्या शेतघरी आश्रय घेतात. दिता पार्लो या नटीने ती एल्सा उभी केली आहे. चित्रपट जवळजवळ संपत आल्यावर ती येते. भिंतीवरची छायाचित्रे दाखवून ती सांगते की आपला नवरा वर्दाँ येथे पडला आणि भाऊ लिएज, शार्लरोआ आणि टानेनबर्ग येथे. वर्दाँ सोडले तर ही जर्मनीच्या मोठ्या विजयांची नावे! मग ती जेवणाच्या मेजाकडे वळते. ते आता घराला फार मोठे झाले आहे. पार्लो हे सांगताना स्वर चढवीत नाही, अश्रू ढाळीत नाही. घरातील सामानाविषयी बोलावे तसे बोलते. विजयाचा जमाखर्च इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी मांडला असेल.

दालिओच्या बाबतीत तर पुढे जीवनाने चित्रपटावर मात केली. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा तो देश सोडून पळाला. जर्मनांनी त्याचे छायाचित्र भित्तिपत्रकांवर छापून यहुदी माणूस ओळखावा कसा, याचा नमुना म्हणून ते पॅरिसमध्ये लावले. त्याचे आईवडील छळछावणीत मरण पावले. आणि हा नट? १९४२ सालच्या 'कासाब्लांका' या अमेरिकन चित्रपटात जुगाराच्या मेजावरचा नोकर म्हणून तो काही क्षण दिसतो. श्रेयनामावलीत त्याचे नावदेखील नाही. ज्या चेहऱ्याला शत्रूने नेमके हेरले, त्याला मित्रांनी ओळखले नाही, असेच म्हणावे लागते.

युरोप सोडून आपण आशियाकडे वळलो तर एका मराठी माणसाच्या जीवनकथेपाशी येऊन थांबतो. जपानने १९३७ साली चीनवर आक्रमण केले. त्यानंतर १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनच्या मदतीस पाठविले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीसही होते. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले, एका चिनी परिचारिकेशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेल्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. नायक ते स्वतःच झाले आणि नायिका जयश्री. प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती रणभूमीवरील सेवा आणि प्लेगच्या साथीशी दिलेली झुंज. प्रत्यक्षात डॉक्टरांचा अंत अपस्माराने झाला. परंतु चित्रपटाला अधिक नाट्यमय मरण हवे होते.

या चित्रपटात डॉक्टरांच्या वडिलांची भूमिका केशवराव दाते यांनी केली आहे. रंगभूमीवरून आलेला हा नटश्रेष्ठ १९३७ सालच्या 'कुंकू' चित्रपटातील जरठ नवऱ्याच्या कामामुळे महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही सर्वतोमुखी झाला होता. त्या काकासाहेबांविषयी आजही लिहिले जाते. कोटणिसांच्या वडिलांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. खऱ्या कोटणिसांचे वडील मुलगा चीनमध्ये असतानाच निवर्तले आणि मुलगा कर्तव्य सोडून परतला नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही भूमिका वेगळ्याच दृष्टीने पाहावी लागते. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून झिजलेला, आणि तो डॉक्टर झाल्यावर त्याला परक्या देशाच्या स्वाधीन करणारा असा हा पिता. चित्रपटाचे रणांगण चीनमध्ये आहे, पण त्याचे घर सोलापुरात आहे, आणि ज्या घरातून माणूस उठून गेला त्या घराची उंची कळल्यावाचून त्याच्या जाण्याची उंची कळत नाही. दाते यांच्या धीरगंभीर कामामुळे ते घर उभे राहते. नायकाचा त्याग त्याच्या नावावर लिहिला जातो. वडिलांनी केलेला त्याग कुठल्याच खात्यावर जमा होत नाही.

डॉक्टरांचा विषय निघाला आहे तर दुसऱ्या एका डॉक्टराचेही स्मरण करावयास हवे. डेव्हिड लीन यांचा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा चित्रपट १९५७ साली निघाला. सिंहलद्वीपात त्याचे चित्रण झाले आणि त्याला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. हट्टी कर्नलाच्या भूमिकेसाठी अ‍ॅलेक गिनेस यांना त्यांपैकी एक लाभले, आणि जपानी छावणीप्रमुख झालेल्या सेस्सू हायाकावा यांचे नाव साहाय्यक नटांच्या यादीत आले. जेम्स डोनाल्ड या नटाने केलेला मेजर क्लिप्टन हा लष्करी डॉक्टर मात्र दोन हट्टी पुरुषांच्या झगड्यात हरवून गेला. ब्रिटिश अधिकाऱ्यांवर मशीनगन रोखली जाते तेव्हा रुग्णालयातून धावत बाहेर येऊन, या खुनाला साक्षीदार आहेत, असे बजावणारा तोच. शत्रूसाठी इतका उत्तम पूल बांधणे योग्य आहे काय, असा प्रश्न आपल्या कर्नलाला विचारणाराही तोच. शेवटी टेकडीवरून सारा विध्वंस पाहून त्या सगळ्याला वेडेपणा हे नाव देतो तोही हाच. डोनाल्ड यांनी हा माणूस थकलेला, शहाणा आणि निरुपाय असा रंगविला आहे. त्याला सर्व कळते, पण त्याच्या हाती काहीच नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सयाम आणि ब्रह्मदेश यांना जोडणारा तो रेल्वेमार्ग जपान्यांनी १९४२-४३ साली खरोखरच बांधून घेतला. त्या कामावर युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी अधिक आशियाई मजूर मेले; त्यांत मलायातील मळ्यांवरून नेलेले तमिळ लोकही होते. चित्रपटात या मजुरांना जागा नाही. म्हणजे उपेक्षेच्या याही पुढे एक पायरी आहे. काहींची भूमिका दुर्लक्षिली जाते, आणि काहींच्या वाट्याला भूमिकाच येत नाही.

युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर एका रशियन चित्रपटाने दिले आहे. ग्रिगोरी चुखराय हे दिग्दर्शक स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेले आणि जखमी झालेले. त्यांनी १९५९ साली 'बॅलड ऑफ अ सोल्जर' या इंग्रजी नावाने जगभर पोहोचलेला चित्रपट काढला. आल्योशा या १९ वर्षांच्या शिपायाने दोन रणगाडे निकामी केले. बक्षीस म्हणून पदकाऐवजी तो रजा मागतो. आईला भेटावे आणि घराचे गळके छप्पर दुरुस्त करून द्यावे, एवढीच त्याची इच्छा. सहा दिवसांची रजा मिळते आणि ती सारी वाटेत भेटलेल्या लोकांना मदत करण्यात खर्च होते. व्लादिमिर इवाशोव आणि झान्ना प्रोखोरेंको या तरुण जोडीचे साऱ्या जगाने कौतुक केले.

परंतु वाटेत भेटलेल्या त्या लोकांत एक पाय गमावलेला वास्या नावाचा शिपाई आहे. येवगेनी उर्बान्स्की या नटाने ते काम केले आहे. आपण असे अपंग होऊन बायकोकडे जावे कसे, या विचाराने तो घरी न जाण्याचे ठरवितो आणि तशी तार करावयास तारघरात जातो. तार लिहून घेणारी मुलगी त्याच्यावर संतापते, तेव्हा कुठे तो गाडीत चढतो. स्थानकावर उतरल्यावर बायको दिसत नाही. फलाट रिकामा होऊ लागतो. कुबड्यांवर रेलून उभा असलेला तो धिप्पाड पुरुष त्या एक-दोन मिनिटांत काय काय होऊन जातो! आशा, शरम, राग, आणि आपण म्हणत होतो तेच खरे ठरले असे एक कडू समाधान, हे सारे त्याच्या चेहऱ्यावरून सरकत जाते. तेवढ्यात ती धावत येते. तिला मिठीत घेताना त्याला स्वतःचा तोल सांभाळावा लागतो. रणांगणावर पाय गेला तो प्रसंग चित्रपटात कुठेच नाही. त्या सावरण्यातच तो सारा येऊन जातो. एवढे दाखवून कथा पुढे निघून जाते. पूर्वी 'कम्युनिस्ट' या चित्रपटाचा नायक झालेल्या या नटाने ही लहानशी भूमिका कमीपणाची मानली नाही. १९६५ साली एका चित्रपटासाठी मोटारीचे धाडसी दृश्य चित्रित होत असताना त्याला मृत्यू आला.

आणि आईची भूमिका? आंतोनिना माक्सिमोव्हा या नटीच्या वाट्याला आरंभ आणि शेवट एवढेच आले आहे. आरंभी ती गावाबाहेरच्या रस्त्यावर येऊन उभी राहते, आणि निवेदक सांगतो की तिचा मुलगा दूर परमुलखात पुरलेला आहे. म्हणजे आल्योशा परतणार नाही हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. शेवटी तो घरी पोहोचतो तेव्हा परतीची वेळ झालेलीच असते. शेतातून धापा टाकीत धावत आलेल्या आईला त्याचे काही क्षण तेवढे मिळतात. छप्पर गळकेच राहते. माक्सिमोव्हाने ही आई करुणेची मूर्ती केली नाही. मुलगा वाळला आहे काय, त्याची दाढी येऊ लागली काय, असल्या साध्या चौकशांत ती ते मौल्यवान क्षण घालविते. कारण आई दुसरे काय करणार?

आपल्याकडेही १९६२ च्या युद्धानंतर चेतन आनंद यांचा 'हकीकत' १९६४ साली आला. लडाखच्या उजाड डोंगरांत त्याचे चित्रण झाले. तरुण कप्तान झालेले धर्मेंद्र आणि मदनमोहन यांची गाणी लोकांनी डोक्यावर घेतली. ब्रिगेडियरचे काम करणारे जयंत यांना आज बहुतेक लोक अमजद खान यांचे वडील म्हणून ओळखतात. थोड्या शिपायांना अशक्य जागी उभे करण्याचा हुकूम ज्याला द्यावा लागतो, त्या अधिकाऱ्याच्या मनावरचा भार त्यांनी आपल्या रुंद खांद्यांवर आणि संथ बोलण्यातून दाखविला आहे, हे एकदा तरी लक्षपूर्वक पाहावे.

यावर कोणी असे म्हणेल की दुय्यम भूमिका दुय्यमच राहावयाची. तिने नायकाचा प्रकाश चोरला तर कथेचा तोल बिघडेल. हे म्हणणे रास्त आहे. ग्रिफिथने मरताना हातपाय झाडून लक्ष वेधून घेतले असते, किंवा पार्लोने मेजावर डोके ठेवून आक्रोश केला असता, तर ती दृश्ये बिघडली असती यात शंका नाही. आपल्याला मिळालेल्या जागेत मावून राहणे हाच या नटांच्या कलेचा मोठा गुण. परंतु नटाने स्वतःला मागे ठेवणे निराळे आणि प्रेक्षकाने त्याला मागे टाकणे निराळे. पहिल्यात कलेचा संयम आहे, दुसऱ्यात आपली बेफिकिरी आहे.

आणि ही बेफिकिरी केवळ रसिकतेपुरती राहत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी युद्ध पाहिलेले नाही. जे पाहिले ते पडद्यावर. पडद्यावर आपण फक्त विजयी वीराकडे पाहण्यास शिकलो, तर उद्या वर्तमानपत्रात युद्धाची बातमी वाचतानाही आपले डोळे तेवढेच शोधतील: किती मैल जिंकले, किती विमाने पाडली. मोठे झालेले मेज, रिकामा फलाट, मुलाला निरोप देणारा म्हातारा यांची आठवण त्या वेळी होणार नाही. ज्या समाजाला ती आठवण होत नाही, त्याला युद्ध स्वस्त वाटू लागते.

यांपैकी एखादा चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आपणांस आला, तर नायकावरची नजर थोडी बाजूला करावी. खड्ड्यात उघड्या डोळ्यांनी पडलेला गेरार दुवाल, खडकावर बसून चिडून गाणारा रोझेन्थाल, स्थानकावर कुबड्या सावरणारा वास्या, ही माणसे आपापल्या जागी अजून तशीच आहेत. त्यांची नावे आपण निदान एकदा उच्चारू या.